संगीत हाच सूत्रधार : फ्यूचर क्रू आणि 'सेकंड रिॲलिटी'चे प्रकरण

१९९३च्या उन्हाळ्यात हेलसिंकीच्या उत्तरेला असलेल्या केरावा या फिनलंडमधल्या छोट्या शहरात 'असेम्ब्ली' नावाचा मेळावा भरला. त्याचे ते दुसरेच वर्ष. स्वतःचा कॉम्प्युटर काखोटीला मारून आलेली मुले तिथे रात्रंदिवस कोड लिहीत होती, चित्रे काढत होती, एकमेकांचे काम पाहत होती. मेळाव्यात स्पर्धा होत्या आणि पीसीसाठीच्या डेमो स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला 'सेकंड रिॲलिटी' या डेमोला. तो करणाऱ्या गटाचे नाव होते फ्यूचर क्रू.

आपल्याकडे डेमो म्हणजे वस्तू विकण्याआधी करून दाखवलेले प्रात्यक्षिक. इथे डेमो म्हणजे एक प्रोग्रॅम. तो सुरू केला की पडद्यावर आकृत्या हलू लागतात, संगीत वाजते आणि काही मिनिटांनी सगळे संपते. बटणे दाबायची नाहीत, काही जिंकायचे नाही, नुसते पाहायचे आणि ऐकायचे. पण हा व्हिडिओ नव्हे. पडद्यावरची प्रत्येक चौकट कॉम्प्युटर त्याच क्षणी गणित करून रंगवत असतो. म्हणून पाहणाऱ्याला दोन प्रश्न एकदम पडतात: हे किती सुंदर आहे, आणि या यंत्राकडून हे करवून कसे घेतले?

मी कॉलेजात असताना एकांकिकांची प्रकाशयोजना करायचो. त्यामुळे डेमो गटांबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सगळे ओळखीचे वाटले. ठरलेली तारीख, शेवटच्या आठवड्यातली जागरणे, लेखक-नट-नेपथ्य-संगीत असे वाटून घेतलेले काम, आणि प्रेक्षागृहात बसलेले बाकीचे संघ हेच सर्वांत कडक परीक्षक. पुरुषोत्तम करंडकाच्या आसपास पुण्यात जे वातावरण असते, त्याचा भाऊ शोभेल असे हे जग आहे. एकांकिका कुठे विस्कटते हेही मला अनुभवाने ठाऊक आहे. प्रवेश चांगले असतात, पण एक प्रवेश संपून दुसरा सुरू होईपर्यंत जो अंधार पडतो, त्यात प्रयोग मरतो. फ्यूचर क्रूने हा अंधार कसा संपवला, ते मला या प्रकरणात सांगायचे आहे. त्यांच्या कोडच्या करामतींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्या करामतींना जोडणाऱ्या धाग्यात आहे.

कमोडोरवरून पीसीवर

गट सुरू झाला १९८६ साली, कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर. सुरुवात करणारे दोघे: सामी तामिलेह्तो आणि युस्सी लाकोनेन. पण त्या जगात खरी नावे कोणी घेत नसे. सामी होता 'साय', ग्रीक अक्षरावरून, आणि युस्सी होता 'अबिस'. टोपणनाव घेण्याची ही रीत आली होती चोरट्या गेम्सच्या व्यवहारातून. गेमचे कुलूप फोडणारे गट गेमच्या आधी आपल्या नावाची एक छोटी चलच्चित्र पाटी लावत. हळूहळू त्या पाट्याच गेमपेक्षा देखण्या होऊ लागल्या, आणि काही मुलांनी कुलूप फोडणे सोडून नुसत्या पाट्या करायला घेतल्या. डेमोचा जन्म तिथला.

१९८८च्या सुमारास फ्यूचर क्रू आयबीएम पीसीकडे वळले. आज हे अगदी स्वाभाविक वाटेल. तेव्हा ते उलट्या दिशेने चालण्यासारखे होते. डेमोचे राज्य होते ॲमिगा या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवर. ॲमिगात चित्राचे तुकडे इकडून तिकडे हलवायला ब्लिटर नावाचे वेगळे यंत्रांग होते. पडद्यावर ओळीओळीने चित्र रंगवणारा किरण कुठल्या ओळीवर आहे ते पाहून त्या ओळीपुरते रंग बदलायला कॉपर होता. आवाजाच्या चार वाहिन्या थेट हार्डवेअरमध्ये होत्या. पीसी हे कचेरीतले यंत्र. हिशेब, पत्रे, फार तर तक्ते. आवाज म्हणजे आतल्या भोंग्याची टीं-टीं. कॉपर नाही, ब्लिटर नाही. जे काही करायचे ते मुख्य प्रोसेसरने, एकट्याने.

ही अडचण किती मोठी होती ते थोड्या आकड्यांनी कळेल. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए हे पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्रांग आणले. त्याची डेमोवाल्यांची आवडती रीत होती ३२० बाय २०० ठिपक्यांची, २५६ रंगांची. म्हणजे पडद्यावर ६४,००० ठिपके. पडदा सेकंदाला ७० वेळा ताजा होतो. प्रत्येक वेळी सगळे ठिपके नव्याने भरायचे म्हटले तर सेकंदाला जवळपास ४५ लाख ठिपके. ३३ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर सेकंदाला ३ कोटी ३० लाख ठोके देतो. भागाकार केला की एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम सात ठोके येतात. त्यातच संगीत मिसळायचे, त्यातच डिस्कवरून पुढचे वाचायचे. सात ठोक्यांत एक साधा गुणाकारही उरकत नसे.

म्हणून त्या काळच्या पीसी डेमोचे पहिले शास्त्र होते 'आधीच करून ठेवा'. साइन-कोसाइनचे तक्ते आधीच बनवलेले. भिंगातून चित्र फुगून दिसते, तो देखावा घ्या. तिथे प्रकाशाचे गणित प्रत्यक्ष होतच नाही. भिंगाच्या वर्तुळातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी 'इथे दाखवायचा रंग मूळ चित्रातल्या अमुक जागेवरून उचल' असा तक्ता तयार असतो आणि प्रोसेसर फक्त उचलतो-ठेवतो. पारदर्शक काचेचा वाटणारा घन घ्या. दोन बाजू एकमेकींवर आल्या की रंगांचे क्रमांक एकमेकांत मिसळतात, आणि रंगपेटी, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठला रंग ही यादी, अशी लावलेली असते की मिसळून आलेला क्रमांक बरोबर काचेसारखा दिसावा. डोळ्याला वाटते प्रकाश आरपार जातोय. आत असते रंगपेटीची मांडणी.

स्वतःचे वाद्य

आता मी ज्याला या प्रकरणाची किल्ली म्हणतो तिथे येतो.

१९८७ साली कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन संगीतकार-प्रोग्रॅमरने ॲमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर काढला आणि 'ट्रॅकर' ही संगीत लिहिण्याची रीत सुरू झाली. भातखंडे पद्धतीत स्वर आडव्या ओळीत मात्रांच्या खणांत लिहितात. ट्रॅकरमध्ये तोच कागद उभा धरल्यासारखा असतो. वरून खाली वेळ जाते, प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक वाहिनी, प्रत्येक ओळ म्हणजे एक मात्रा. खणात लिहायचे: कुठला स्वर, कुठल्या ध्वनिनमुन्यात, किती जोरात. बहुधा ६४ ओळींचे एक पान, आणि अशा पानांचा क्रम लावला की रचना तयार. फाइल लहान राहते, कारण तिच्यात रेकॉर्डिंग नसते. असतात ते वाद्यांचे छोटे नमुने आणि वाजवायचे कसे याची टिपणे.

पीसीवर असे वाद्य हवे होते, तर सायने ते स्वतः लिहिले. नाव ठेवले स्क्रीम ट्रॅकर. नव्वदच्या सुरुवातीला ते बाहेर पडले. १९९४ साली सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या स्क्रीम ट्रॅकर ३ने आणलेला 'एस-थ्री-एम' हा फाइलप्रकार इतका पसरला की आजही ओपनएमपीटीसारखे प्रोग्रॅम त्या फाइली बिनतक्रार उघडतात. गटाच्या संगीतकारांना, म्हणजे योन्ने वाल्तोनेन ऊर्फ 'पर्पल मोशन' आणि पीटर हाय्बा ऊर्फ 'स्कावेन' यांना, हे वाद्य घरचेच मिळाले. काही कमी पडले तर सायला सांगायचे.

वाद्य घरचे असण्याचा फायदा एवढाच नव्हता. जो माणूस संगीत वाजवणारा कोड लिहितो, त्याला या क्षणी कुठली ओळ वाजते आहे हे नेमके ठाऊक असते. म्हणजे त्याच्या हातात घड्याळ असते. हे घड्याळ चित्रांच्या कोडला दिले तर चित्र आणि संगीत एकाच तालावर चालू शकतात. हे सांगायला सोपे आहे, पण बहुतेक गटांचे डेमो तसे नव्हते. कोडर एखादी करामत करून दाखवत, तिच्यामागे कोणते तरी संगीत वाजत असे आणि दोन्ही आपापल्या वाटेने चालत.

चढण

१९९२ हे गटासाठी बांधणीचे वर्ष. त्या वर्षी ॲमिगावरच्या कॉम्प्लेक्स आणि रेबेल्स या गटांबरोबर मिळून त्यांनी पहिली असेम्ब्ली भरवली, हेलसिंकीजवळ कौनियाइनेनमध्ये. ॲमिगावाले आणि पीसीवाले यांच्यात एरवी सवतीमत्सर, आणि इथे दोघांनी मिळून मांडव घातला, याचे मला फार कौतुक वाटते. त्या मेळाव्यात फ्यूचर क्रूचा 'अनरिअल' हा डेमो पीसी गटात पहिला आला. वर्षाच्या शेवटी डेन्मार्कमध्ये 'द पार्टी' या मेळाव्यात त्यांचा 'पॅनिक' दुसरा आला. तिथे ट्रायटन या स्वीडिश गटाचा 'क्रिस्टल ड्रीम' पुढे होता. पुढे फास्टट्रॅकर २ काढणारे ते हेच ट्रायटन. चढाओढ अशी बरोबरीच्यांशी होती.

माणसेही जमली होती. कोड लिहायला सायबरोबर मिका तुओमी ऊर्फ 'ट्रग' आणि 'वाइल्डफायर'. चित्रांना 'पिक्सेल' आणि 'मार्वल', शिवाय स्कावेन, कारण तो संगीत आणि चित्र दोन्ही करायचा. व्यवस्थेला सामुली स्युव्हाहुओको, टोपणनाव 'गोर'. वयाने बहुतेक जण शाळा-कॉलेजातले. दोन मेळाव्यांच्या मधल्या काळात त्यांना जोडणारा दुवा होता टेलिफोन. अबिस 'स्टारपोर्ट' नावाचे बीबीएस, म्हणजे फोनवरून गाठायचे कॉम्प्युटरचे सूचनाफलक केंद्र, चालवायचा. मॉडेमने फोन लावायचा, फाइल चढवायची, फाइल उतरवायची, निरोप ठेवायचा. गटाचे काम जगभर गेले ते याच तारेने आणि फ्लॉपीवरून, आणि फुकट.

तेवीस तुकडे, एक घड्याळ

'सेकंड रिॲलिटी' मुळात 'अनरिअल'चा दुसरा भाग म्हणून हाती घेतला होता. त्याची खूण अजून शिल्लक आहे: पर्पल मोशनच्या संगीत फाइलीच्या आत नाव म्हणून 'अनरिअल'च्या पुढे दोनाचा आकडाच लिहिलेला आहे. केरावात बक्षीस मिळाल्यावर गटाने डेमो लगेच सोडून दिला नाही. राहिलेले कंगोरे घासून अंतिम आवृत्ती ऑक्टोबर १९९३मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. स्पर्धेत पळालेली आवृत्ती आणि घरोघरी जाणारी आवृत्ती यांत फरक करण्याची ही शिस्त त्या वयात सुचणे सोपे नाही. स्पर्धेचे यंत्र एकच असते, घरोघरची यंत्रे शंभर तऱ्हांची.

आत काय आहे ते सुरुवातीपासून पाहू. डोंगररांगांवरून सरकणारी अक्षरे, अवकाशयाने, मग उसळणारा काचेचा बहुतलीय गोळा. ठिपक्यांचा बोगदा. एकमेकांवरून सरकणारी वर्तुळे आणि त्यांतून उमटणाऱ्या लाटा. झाडाझुडपांच्या चित्रावरून, पानांच्या उंचसखलपणाप्रमाणे वळत जाणारा मजकूर. चित्रावर टप्पे खाणारे भिंग, आणि तेच चित्र गिरक्या घेत जवळ-लांब होणारे. रंगांच्या वाफा, आणि त्या वाफा अंगावर ओढलेला घन. चमकणाऱ्या गोळ्यांत परावर्तित होणारी अक्षरे. शेवटी त्रिमित शहरावरून उड्डाण, आणि मग श्रेयनामावली.

एवढे सगळे डॉस या तेव्हाच्या पीसीच्या प्रणालीत मिळणाऱ्या सहाशे चाळीस किलोबाइट मेमरीत बसवायचे कसे? आणि तिघा कोडरांनी, आपापल्या घरी बसून, एकमेकांच्या पायात पाय न अडकवता लिहायचे कसे?

हे बाहेर कळले वीस वर्षांनी, २०१३ साली गटाने सगळा मूळ कोड कुठलाही हक्क न राखता खुला केला तेव्हा. फाब्यां साँग्लार या प्रोग्रॅमरने तो वाचून लिहिले की हा एक डेमो नाही, तेवीस आहेत. प्रत्येक प्रवेश हा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. कोणी असेम्ब्ली या प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेत (मेळाव्याशी संबंध नाही) लिहिलेला, कोणी सीमध्ये, कोणी पास्कलमध्ये. फोल्डरांची नावेही ज्याने त्याने ठेवलेली. सुरुवातीच्या प्रवेशाच्या फोल्डरचे नाव 'आल्कु', फिनिशमध्ये आरंभ. बोगद्याच्या फोल्डरचे 'तुन्नेली'.

या सगळ्यांच्या खाली एक छोटा प्रोग्रॅम कायम मेमरीत बसलेला असे. त्याचे नाव 'डेमो इंटरप्ट सर्व्हर', सोयीसाठी 'डिस'. तो एकेक प्रवेश डिस्कवरून उचलायचा, चालवायचा, तो संपला की त्याची जागा मोकळी करून पुढचा आणायचा. या सगळ्या उठाठेवीत संगीत एक क्षणही थांबायचे नाही, कारण ते वाजवणे डिसच्याच हातात होते. प्रवेशांना डिसशी बोलायचे असेल तर एक ठरलेला इंटरप्ट क्रमांक, म्हणजे चालू काम थांबवून हाक मारायचा क्रमांक, होता. अक्षरेही आकडे म्हणून वापरणाऱ्या षोडशमान पद्धतीत तो लिहिला की 'एफसी'. गटाच्या नावाची आद्याक्षरे. कोणाला दिसणार नाही अशा जागी केलेली ही सही मला फार आवडते.

प्रवेश डिसला काय विचारू शकत होता, ती यादी लहान आहे, आणि माझ्या मते संपूर्ण डेमोचे सार तिच्यात आहे. संगीत आता कुठल्या टप्प्यावर आहे? किती चौकटी होऊन गेल्या? पडद्यावरचा किरण खाली पोहोचेपर्यंत मला थांबव. माझी वेळ संपली का? एका प्रवेशाने जाताना पुढच्यासाठी चार शब्द ठेवून जावेत म्हणून मेमरीचा एक सामाईक कोपरासुद्धा होता. ॲमिगाच्या कॉपरची उणीवही डिसने भरून काढली. व्हीजीए कार्ड किरणाची बातमी आपणहून देत नसे, म्हणून पीसीच्या टायमरला असे लावले होते की तो नेमका योग्य क्षणी वाजावा आणि रंग बदलणारा तुकडा तेव्हाच चालावा.

कोडर घरी एकटा काम करताना डिस मेमरीत बसवून फक्त आपला प्रवेश चालवून पाहू शकत होता. बाकीचे बावीस तयार असोत वा नसोत. एकांकिकेच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक नटाला पूर्ण संघ जमण्याची वाट न पाहता तालीम करता येत होती, आणि त्या तालमीत पार्श्वसंगीत मात्र खरे, प्रयोगातलेच. रंगीत तालमीच्या रात्री जे धडपडून जोडावे लागते, ते इथे पहिल्या दिवसापासून जोडलेले होते.

म्हणूनच पडद्यावर तो परिणाम दिसतो. ढोलाच्या ठोक्याला दृश्य पालटते. पट्टे तालावर धडकतात. संगीत श्वास घेते तिथे चित्रही थबकते. पर्पल मोशनची रचना एकसलग नाही. ती चढते, मोकळी होते, पुन्हा बांधते, आणि प्रवेश तिच्या वळणांवर बसवलेले आहेत. आपल्या संगीत नाटकात सूत्रधार प्रेक्षकांपुढे येऊन खेळ सुरू करून देतो आणि बाजूला होतो. इथला सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावर आहे, फक्त तो दिसत नाही, ऐकू येतो.

ध्वनीकार्डांबद्दल दोन वाक्ये सांगायला हवीत. साउंड ब्लास्टर हे कार्ड असेल तर सगळ्या वाहिन्या मिसळून एक प्रवाह करण्याचे काम प्रोसेसरवर पडे, म्हणजे त्या सात ठोक्यांतूनच चोरी. १९९२ साली आलेल्या कॅनडाच्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडमध्ये ३२ आवाज कार्ड स्वतः मिसळत असे. डेमोवाल्यांनी त्या कार्डाला डोक्यावर घेतले ते उगीच नाही.

आक्षेप, आणि ते खरे आहेत

'सेकंड रिॲलिटी'वर पहिल्यापासून एक आक्षेप आहे की त्यातले पुष्कळसे देखावे ॲमिगावर आधीच झाले होते. काचेचे घन, गिरक्या घेणारे चित्र, रंगांच्या वाफा, यांतले फारसे काही फ्यूचर क्रूचे स्वतःचे शोध नव्हते. हा आक्षेप मी मान्य करतो. दुसरा आक्षेप असा की त्याला कथा नाही, विषय नाही. एकामागून एक करामतींची मालिका आहे. तोही बरोबर आहे. ॲमिगावर स्पेसबॉल्स या नॉर्वेच्या गटाने १९९२ साली 'स्टेट ऑफ द आर्ट'मध्ये नाचणाऱ्या छायाकृती घेऊन काहीतरी वेगळे बोलायला सुरुवात केली होती. त्या मानाने 'सेकंड रिॲलिटी' जुन्या घरातला शेवटचा आणि सर्वांत भव्य सोहळा आहे.

पण हे आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. तेच देखावे ॲमिगावर पाहणाऱ्याला यंत्राचे कौतुक वाटे. पीसीवर पाहणाऱ्याला माणसांचे वाटले. ज्या यंत्राबद्दल 'याला हे जमणारच नाही' असे ठरलेले होते, त्याच्याकडून मदतनीस चिप नसताना, केवळ प्रोसेसर आणि नियोजन यांच्या जोरावर हे करवून घेतले गेले. घरी, कचेरीत, कॉलेजच्या लॅबमध्ये आधीच असलेल्या पीसीवर ते चालत होते, म्हणून पाहणारेही कितीतरी पटीने वाढले. १९९९ साली स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या संकेतस्थळाच्या वाचकांनी आजवरच्या दहा श्रेष्ठ हॅक्सच्या, म्हणजे कल्पक करामतींच्या, यादीत या डेमोला जागा दिली.

नंतरची पांगापांग

यानंतर फ्यूचर क्रूने या तोलामोलाचा डेमो केला नाही. भांडण होऊन मोडले असेही नाही. मुले मोठी झाली आणि कामाला लागली.

पण कामाला लागली म्हणजे कुठे, हे पाहण्यासारखे आहे. १९९५ साली स्थापन झालेल्या रेमेडी या गेम कंपनीच्या संस्थापकांत गोर होता, तसाच मार्कुस माकी, गटातला 'हेंचमन'. 'डेथ रॅली' १९९६चा, 'मॅक्स पेन' २००१चा. पर्पल मोशन रीतसर संगीतरचनेकडे वळला आणि गेमच्या संगीताचे वाद्यवृंदासाठी रूपांतर करण्यात त्याने नाव कमावले. जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या गेम संगीताच्या मैफिलींमागे त्याचे काम आहे. स्कावेन रेमेडीत चित्र आणि ध्वनी दोन्हीत राहिला, आणि 'बिज्वेल्ड' या रत्ने जुळवण्याच्या गेमला संगीत त्याचे. अबिसने पुढे काढलेली कंपनी २०१४ साली युनिटी या गेम इंजिन बनवणाऱ्या कंपनीने घेतली.

रेमेडीने १९९७ साली 'फायनल रिॲलिटी' नावाची ग्राफिक्स कार्डाची कसोटी काढली. नावातच जुन्या डेमोची आठवण. त्याच कामातून फ्यूचरमार्क उभी राहिली आणि तिचे 'थ्रीडीमार्क' आले. फ्यूचर क्रूशी माझी पहिली भेट झाली ती इथे, आणि नकळत. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मित्राच्या घरी पीसी जोडला की सगळ्यांत आधी थ्रीडीमार्क २००१ चालवायचा, हा आमचा रिवाज होता. ग्राफिक्स कार्ड किती गुण घेते यावर वाद व्हायचे. ते झाडे आणि पाणी दाखवणारे दृश्य आम्ही गुणांसाठी पाहत नव्हतो, पुन्हा पुन्हा नुसते पाहतच बसायचो. डेमो पाहतात तसे. त्यामागचे इंजिन रेमेडीचे आहे आणि रेमेडीच्या मागे केरावातली ती मुले आहेत, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ट्रग म्हणजे मिका तुओमीची वाट आणखी वेगळी. तो भावाबरोबर बिटबॉइज या कंपनीत ग्राफिक्स चिप बनवण्याच्या मागे लागला. 'ग्लेझ थ्रीडी' या त्यांच्या चिपची घोषणा मोठी झाली, पण ती बाजारात कधी आली नाही. त्याबद्दल त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. मग कंपनीने मोबाइलच्या ग्राफिक्सकडे मोहरा वळवला. २००६ साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एटीआयने बिटबॉइज विकत घेतली, त्याच वर्षी प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने एटीआय घेतली, आणि २००९ साली एएमडीने मोबाइल ग्राफिक्सचा विभाग क्वालकॉमला विकला. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन या मोबाइल चिपमधल्या ग्राफिक्सला 'ॲड्रिनो' म्हणतात. एटीआयच्या 'रेडिऑन'ची इंग्रजी अक्षरे फिरवून ते नाव बनले आहे. आज एसटी स्टँडवर बसून मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलाच्या हातातला फोन स्नॅपड्रॅगनचा असेल, तर त्यातली चित्रे रंगवणारी चिप या वंशावळीतली आहे.

फिनलंडने २०२० साली डेमोसीनला, म्हणजे डेमो करणाऱ्यांच्या या जगाला, आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. मागोमाग जर्मनी, पोलंड आणि नेदरलँड्स यांनीही. आपल्याकडे जशी दशावतार किंवा तमाशा टिपून ठेवण्याची धडपड चालते, तशी तिथे आता फ्लॉप्यांची आणि मूळ कोडची चालते. मूळ कोड हाती असला की केवढे कळते, ते डिसच्या उदाहरणावरून दिसतेच.

आणि १९९७मधली एक गोष्ट राहिली. स्मॅश डिझाइन्स या गटाने 'सेकंड रिॲलिटी' पुन्हा उभा केला, तोही कमोडोर ६४वर. सेकंदाला दहा लाखांपेक्षाही किंचित कमी ठोके, ६४ किलोबाइट मेमरी, सोळा रंग, आणि पर्पल मोशनच्या सगळ्या वाद्यमेळासाठी आवाजाच्या चिपमध्ये तीनच स्वर. सायने आणि अबिसने अकरा वर्षांपूर्वी सुरुवात केली ते हेच यंत्र. भिंग आहे, बोगदा आहे, काचेचा गोळा आहे, आणि दृश्ये त्याच संगीताच्या त्याच वळणांवर पालटतात.